फोड उठला नाही

तीर्थपुरी, ६ नोव्हेंबर १९५६

गेल्या गुरुवारी हैदराबाद राज्य मोडलं आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. मी मात्र जागचा हललो नाही. खोली तीच, खाट तीच, खाटेतले ढेकूणही तेच. शाळेत उर्दू घोकून झाली, नोकरीत मराठी रजिस्टरं आली, आता म्हणतात सगळे फॉर्म पुन्हा बदलणार. बदलू देत.

ही वही अरुंधतीने दिली. म्हणाली, "पत्रात सगळ्या जगाची गाऱ्हाणी लिहिता. ती हिच्यात लिहा, मला नुसती खुशाली कळवा." बायको जालन्यात आणि मी इथे सतरा कोसांवर. देवी टोचण्याच्या नोकरीचं हे चौथं वर्ष. लोक मला देवी डॉक्टर म्हणतात. डॉक्टर हा शब्द कानाला गोड लागतो, म्हणून मी दुरुस्त करत नाही. रजिस्टर स्वच्छ राहिलं तर पुढच्या साली जालन्याला बदली, असं इन्स्पेक्टर रामराव दोनदा म्हणालेत.

लशीचं पार्सल आज आलं. दिवाळीच्या सुट्टीत ते वाटेत कुठेतरी पाच दिवस पडून होतं. आमचा शिपाई मच्छिंद्र ते बसच्या टपावरून घेऊन आला. नळ्या हाताला कोमट लागल्या. ओल्या वाळूच्या माठात पुरून ठेवल्या.

"साहेब, मेली आसंल का लस?" मच्छिंद्रने विचारलं.

म्हटलं, लस काय कोंबडी आहे का मरायला? पण पुस्तकात तसंच लिहिलं आहे, उन्हाने लस मरते. दुसरं पार्सल मागवलं.

९ नोव्हेंबर

शाळेच्या ओट्यावर टोचणं चालू असताना एक बाई रांग मोडून पुढे आली. अंबडच्या रस्त्याचं खडीकाम चाललं आहे, तिथल्या पालमुरी मजुरांपैकी. हे लोक तेलंगणातून, पालमूरहून म्हणजे महबूबनगरकडून येतात. टोपली, कुदळ, पोरं घेऊन गावोगाव रस्ते बांधतात आणि रस्ता झाला की त्याच रस्त्याने पुढे जातात. गाव त्यांना पाणीसुद्धा लांबूनच घालतं. बाईचं नाव सायम्मा. तिशीच्या आतली, काळीसावळी, डोळ्यांत अजिबात भीड नाही.

"हमारे लोगां कू कब टोचते?"

म्हटलं, "तुमचा तळ रजिस्टरात नाही. मी गावाच्या घरांच्या नंबराप्रमाणे टोचतो."

"तो देवी क्या रजिस्टर देख को आती?"

रांगेतले लोक हसले. मीही हसलो, पण मला ते झोंबलं. घरी येऊन भाकरी खाताना चार चांगली उत्तरं सुचली. तेव्हा एकही सुचलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

आज तळावर जाऊन आलो. कुणी सांगितलं नव्हतं, माझा मीच गेलो. मन भरून आलं.

नवं पार्सल परवा आलं आहे. ते पेठेसाठी राखलं. पेठेतल्या एखाद्याच्या पोराचा फोड उठला नाही तर सरपंच थेट वर तक्रार करतात. जुन्या, कोमट झालेल्या नळ्या फेकूनच द्यायच्या होत्या. म्हटलं, फेकण्यापेक्षा या लोकांना तरी उपयोग होईल. सगळीच काही मेली नसेल.

सायम्माने सगळ्यांना रांगेत बसवलं. म्हातारी माणसं हात देईनात. तळाच्या कडेला त्यांच्या देवीचा हळद लावलेला दगड आहे, ती कोपेल म्हणत होती. सायम्मा तेलुगूत काय काय बोलली, कोण जाणे. मग स्वतःचा दंड पुढे केला. "पहले मेरे कू." तिच्यामागून तिचा नवरा बालय्या, मग सगळे. एक्केचाळीस जण झाले. तिची सहा वर्षांची पोरगी लच्ची तापाने फणफणलेली होती, तिला टोचलं नाही.

निघताना सायम्माने विचारलं, "अब देवी नहीं आती ना?"

"आता नाही येत," मी म्हणालो.

तिने मला शेंगा दिल्या. मी त्या वाटेत खाल्ल्या.

२१ नोव्हेंबर

आज सातवा दिवस. टोचल्यावर सातव्या दिवशी जाऊन दंड पाहायचा असतो. पाणी भरलेला टपोरा फोड उठला असेल तर लस लागली, नसेल तर पुन्हा टोचायचं. पेठेतले सगळे पाहून झाले, छान उठलेत. तळ उरला होता. पण दुपारच्या बसने जालन्याला जायचं होतं, अरुंधतीला बरं नाही असं पत्र होतं. रजिस्टराच्या शेवटच्या पानावर 'पालमुरी मजूर, ४१' याच्यापुढे 'यशस्वी' लिहून टाकलं. एवढं चालतं. सगळेच करतात.

अरुंधतीला फक्त सर्दी होती. पण मला पाहून तिचा चेहरा असा उजळला की येण्याचं सार्थक झालं.

८ जानेवारी १९५७

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं की लिहावं, नाहीतर उगाच शाई कशाला घालवायची.

सायम्मा आता दवाखान्यात रोजाने येते. झाडते, पाणी भरते, माझ्या सुया उकळून देते. डॉक्टर अंबडहून आठवड्यातून एकदा येतात. बाकी दिवस कंपाउंडर आणि मी. तिचा हात हलका आहे. परवा गळू फोडताना एक पोर किंचाळत होतं. तिने त्याच्या तोंडापुढे आपली बोटं अशी काही नाचवली की गळू कधी फुटलं ते त्याला कळलंच नाही. तिची आई गावाकडे बाळंतपणं करायची म्हणे.

दवाखान्यात आयाची जागा दोन वर्षं रिकामी आहे. गावातली कुणी घाण काढायला येत नाही. मी रामरावांपाशी सायम्माचा विषय काढला. ते पान जुळवत म्हणाले, "आरं श्रीपती, नवंबरच्या आंधी सांगितलं आस्तं तर जमलं आस्तं. तवा ती आन् आपुन एकाच राज्यातले व्हतो. आता तिचं गाव आंध्रात गेलं. भायेरच्या राज्यातली बाई मी कशी चढवू कागदावर?"

सायम्माला सांगितलं. ती म्हणाली, "मैं तो इधरिच थी. मैं कहां गई?"

१९ जानेवारी

आज तिने सुया उकळता उकळता मध्येच विचारलं, "साब, सातवे दिन तुम आए नहीं."

"कुठे?"

"तळ पर. पेठ में तो गए. सबका उठ्या देखे. हमारा किसका बी नहीं उठ्या. एक का बी नहीं." तिने बाही वर करून दंड दाखवला. नुसती बारीक खूण, मुंगी चावल्यासारखी.

मी तिला समजावलं की ज्याचं रक्त पक्कं असतं त्याला फोड उठत नाही. लहानपणी देवी येऊन गेलेल्याला किंवा आधी टोचलेल्याला उठत नाही, हे पुस्तकात आहेच. ती म्हणाली, तिला कधीच टोचलेलं नाही आणि कधी देवी आलेल्याही नाहीत. मी म्हटलं, कष्टाची माणसं तुम्ही, तुमचं रक्त पक्कंच. तिला पटलं असावं. हसली.

मग म्हणाली, "फिर बी एक बार और टोचो. मेरे कू और हमारे लोगां कू."

म्हटलं, "सायम्मा, एकेका नळीचा हिशोब द्यावा लागतो. पेठेतली नवी बाळं अजून राहिलीत. तुमचं झालेलं आहे."

ती पुन्हा सुयांकडे वळली. बाई हुशार आहे, पण शंकेखोर.

११ मार्च

तळावर देवी आली. बारा वर्षांचा एक पोरगा. तोंड, तळहात, तळपाय सगळे फोडांनी भरलेत. संध्याकाळपर्यंत आणखी दोन बाया.

गावात एकच ओरड, पालमूरवाल्यांनी देवी आणली. रामराव मोटारीने आले. रजिस्टर उघडून शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "हे तर तू टोचलेले. यशस्वी लिव्हलंय. मंग यांना देवी कशी आली?"

मी म्हणालो, "हे तिघं नंतर आलेले असतील. मजुरांचं काय, येतात-जातात."

"बराबर," ते म्हणाले.

तो पोरगा नोव्हेंबरात रांगेत तिसरा होता. मला नीट आठवतं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

१२ मार्च

गावाबाहेर माळावर आजाऱ्यांसाठी छप्पर टाकलं. भोवती दोरी. दोरीच्या आत आजारी आणि त्यांना पाहणारं एकच माणूस, बाहेर कुणी यायचं नाही. पण पाहणार कोण? कंपाउंडरने हात वर केले. गावातून कुणी मिळेना.

सायम्मा पुढे आली. रामराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई टोचलेली हाय ना? खात्री? बिगर टोचलेलं माणूस आत सोडलं तर माझी नोकरी जाईल."

मी म्हणालो, "मी स्वतः टोचलंय."

ते सायम्माकडे वळले. "ही साथ काढ. मी तुझ्यासाठी वर लिहितो, खास बाब म्हनून. आयाची जागा तुलाच."

तिने माझ्याकडे पाहिलं. रामरावांकडे नाही, माझ्याकडे. "साब, मैं जाऊं अंदर? तुम बोलो."

मी मान हलवली.

मी खोटं बोललो का? टोचलं तर मी स्वतःच होतं. तिला फोड उठला नाही याचा अर्थ तिला देवी येईलच असा नाही. मोठ्या माणसांना बऱ्याचदा येत नाही. नळ्या कोमट होत्या, तापलेल्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर आता मागे फिरलो असतो तर एक्केचाळीस जणांचं सगळंच उघडं पडलं असतं. बदलीचा कागद वर गेलेला आहे. अरुंधती रोज वाट बघते. मला एवढंच समजतंय की मी मान हलवली.

१४ मार्च

साथीसाठी म्हणून ताजी लस आली. रामरावांचा हुकूम, आधी पूर्ण पेठ पुन्हा टोचायची, मग आजूबाजूची खेडी. तळाचं झालेलं आहे, तिकडे नळी घालवायची नाही. मी पेठेच्या यादीला लागलो.

बालय्या लच्चीला घेऊन दोरीपाशी उभा होता. सायम्मा आतून ओरडली, "साब, लच्ची कू तो टोचो. वो तो रह गई थी." हे मात्र खरं होतं, ती रजिस्टरातही नव्हती. पेठेच्या हिशोबातून एक नळी काढून आणली आणि टोचली. पोरगी रडली नाही. आईकडे बघत राहिली.

२१ मार्च

आज सकाळी छपराकडे औषध घेऊन गेलो तेव्हा बालय्या लच्चीला खांद्यावर घेऊन दोरीच्या पलीकडून दाखवत होता. तिचा सातवा दिवस. दंडावर टपोरा फोड, मोत्यासारखा, भोवती लाल कडं. पुस्तकातलं चित्रच.

सायम्मा दोरीजवळ आली, जितकं येता येतं तितकं. बराच वेळ पोरीच्या दंडाकडे बघत होती. मग तिने स्वतःची बाही वर केली, आपला दंड पाहिला, बाही खाली केली.

"इसका उठ्या, साब," ती मला म्हणाली.

"छान उठलाय," मी म्हणालो.

ती आत गेली. मला वाटतं तिला आनंद झाला.

२२ मार्च

नाही. तिला आनंद झाला नव्हता.

काल दिवसभर ती बाही डोळ्यांपुढून हलेना. आज सकाळी उठलो तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं, आणि हेही दिसलं की ते मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. मी ते स्वतःला कळू दिलं नाही, एवढंच.

तसाच माळावर गेलो. दोरीपाशी उभं राहून तिला हाक मारली आणि सांगितलं. लस उन्हाने मेलेली होती. मी टोचली ती नुसती सुई. सातव्या दिवशी आलो नाही, न बघताच यशस्वी लिहिलं. तुला आत सोडलं तेव्हाही मला शंका होती. बोलता बोलता मला रडू आलं. एवढ्या मोठ्याने मी बाप गेला तेव्हाही रडलो नव्हतो.

ती आधी तेलुगूत ओरडली. मला एकही शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. तिच्या हातात पाण्याचं पातेलं होतं, ते तिने माझ्या दिशेने भिरकावलं. आतून कुणीतरी कण्हत पाणी मागत होतं. तिने पातेलं उचललं, पुन्हा भरलं, आत जाऊन पाणी पाजलं आणि परत आली.

"रोना बाद में," ती म्हणाली. "पहले मेरे लोगां कू टोचो."

"तू बाहेर ये. आत्ता ये."

"दस दिन हो गए अंदर. अब बाहर आ को क्या करूं? पोरी कू लगाऊं? तुम लस लाओ."

२३ मार्च

जालन्याला जाऊन रामरावांना घरी गाठलं. सगळं सांगितलं. ते खुर्चीत सरळ बसले, दार लोटून घेतलं.

"हे तू मला सांगितलंच न्हाईस," ते म्हणाले. "आन् मी ऐकलंच न्हाई. मी 'दुबारा टोचणे' म्हनून नळ्या मागवतो. आठ-दहा दिवस लागतील. तंवर तोंड बंद."

"तोवर ती..."

"आरं बाबा, मी काय खिशात लस घेऊन हिंडून राह्यलो का?"

मी म्हणालो, पेठेतल्या शिल्लक नळ्या द्या. ते म्हणाले, शिल्लक काही नाही, सरपंचांच्या पाहुण्यांनाही टोचलं.

अरुंधतीकडे अर्धा तास गेलो. तिने विचारलं, बदलीचं काही कळलं का. मी हो म्हणालो, कळेल.

२७ मार्च

सायम्माला ताप भरला. कंबर धरली आहे. छपरात आता नऊ आजारी आहेत, सगळे तळावरचे. दोन मुलं गेली. तो बारा वर्षांचा पोरगा मात्र वाचतोय, तिच्याच हातून.

आता मी आत जातो. मला लहानपणी टोचलेलं आहे, माझ्या दंडावर दोन मोठे वण आहेत. माझ्या वडिलांनी मला मांडीवर घेऊन टोचून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मी आत का गेलो नाही, हे कुणी विचारलं नाही. देवी डॉक्टरने दोरीबाहेर राहायचं असतं, असं सगळ्यांनाच वाटत होतं, मलाही.

तिने आज मला पाणी पाजायची रीत शिकवली. तोंडात फोड असले की भांड्याने पाजू नये, कापसाचा बोळा ओला करून ओठांना लावावा. सांगताना ती स्वतः थरथरत होती.

३० मार्च

फोड आले. तोंडावर, घशात. डोळे मिटत चाललेत.

शुद्धीत असते तेव्हा एकच विचारते, "लस आई?"

२ एप्रिल

आली. मी स्वतः जालन्याच्या स्टेशनवर जाऊन घेतली. ओल्या फडक्यात, मग गवतात, मग माठात घालून मांडीवर धरून आणली. बस शेवगा फाट्यावर बंद पडली तेव्हा माठ डोक्यावर घेऊन झाडाच्या सावलीत दोन तास उभा होतो. लोक हसत होते, देवी डॉक्टर पाणी भरायला लागला म्हणून. मच्छिंद्र सायकल घेऊन पुढे आला आणि त्याने माठावर पाणी शिंपडलं.

३ एप्रिल

तळावर उरलेल्या सगळ्यांना टोचलं. टोचून घ्या हा तिचा निरोप सांगावाही लागला नाही. बालय्या सगळ्यांना रांगेत बसवूनच वाट बघत होता. दंड पुढे, डोळे मिटलेले. कुणी विचारलं नाही की दुसऱ्यांदा का.

छपरात येऊन तिच्या कानाशी सांगितलं, "सगळ्यांना टोचलं. ताजी होती. थंड होती."

तिने मान हलवली की नुसती हलली, मला सांगता येणार नाही.

५ एप्रिल

सायम्मा सकाळी गेली.

मला लिहायचं होतं बरंच काही. काही नाही. सकाळी गेली. मी बोळा ओला करत होतो, मागे वळलो तेव्हा गेलेली होती.

माळावरच पुरलं. बालय्या दोरीच्या आत आला, त्याला कुणी अडवलं नाही. लच्चीला लांब उभी केली होती.

७ एप्रिल

रामराव येऊन गेले. गावच्या रजिस्टरात देवीने मृत्यू शून्य. मी म्हटलं, सहा जण गेले. ते म्हणाले, ते गावचे कुठं? मजुरांची नोंद मुकादमाकडं, मुकादम ठेवतो का न ठेवतो आपल्याला काय ठाव. मग पाठीवर थाप मारली. "शून्य मृत्यू. तुझी जालन्याची बदली झाली म्हनून समज." आयाच्या जागेबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

ती थाप अजून पाठीवर जाणवते. मला अंघोळ करावीशी वाटली, दोनदा केली.

मुकादमाने काल तळ उठवला. काम बदनापूरच्या बाजूला लागलंय म्हणे. मी चौकशी करून ठिकाण लिहून घेतलं. दहा तारखेला सातवा दिवस.

१० एप्रिल

पहाटेच्या बसने जालना, तिथून आगगाडीने बदनापूर, पुढे दोन कोस चालत. ऊन मी म्हणत होतं. रजा मागितली नाही. रजिस्टरही नेलं नाही, उरलेल्या लशीचा माठ तेवढा नेला.

पालं रस्त्याच्या कडेला पडली होती. खडीचा ढीग, त्यावर बाया. मला पाहून एकजण उठून काहीतरी ओरडली आणि सगळे जमले. लच्ची धावत आली. तिच्या दंडावरची खपली आता वाळली आहे. ती मला दाखवून परत पळाली.

मी बालय्याला बाजूला नेलं, बाभळीखाली. ठरवून गेलो होतो. कोमट नळ्या, न पाहिलेला सातवा दिवस, मान हलवली ते, सगळं सांगितलं. म्हटलं, तू मला मार, शिव्या घाल. तो खडीच्या दगडावर बसून जमिनीकडे बघत होता.

"मालूम है," तो म्हणाला. "उसने दोरी के उधर से बोली थी. जिस दिन तुम रोए."

"मग तू मला काहीच का बोलला नाहीस?"

"उसने मना करी."

मी म्हणालो, मी लेखी देणार आहे. नोकरी जाऊ दे, बदली जाऊ दे. आधी इथे तुझ्या सगळ्या माणसांसमोर सांगतो. मला हे पोटात ठेवून जगता येणार नाही.

तो उठला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. एवढ्या जवळ तो कधी उभा राहिला नव्हता.

"वर साहेबां कू जो लिखना वो लिखो," तो म्हणाला. "हमारे लोगां कू नक्को बोलो. आज सुने तो कल हात नहीं देते. आगे कहीं बी, कोई बी डाक्टर आया तो नहीं देते. पोरां मरते. तुम्हारा जी हलका होता साब, हमारा क्या होता?"

याचं उत्तर या खेपेला घरी येऊनही सुचलेलं नाही. वर लिहायचं पत्र मी परतीच्या गाडीत लिहिलं आहे, ते उद्या टाकीन. तळावरच्या माणसांना जे सांगायचं होतं ते या वहीत राहील.

"चलो," बालय्या म्हणाला. "हात देखो सबके."

सगळे ओळीने बसले. एकेकाचा दंड उन्हात धरून नीट पाहिला, घाई केली नाही. अठ्ठावीस दंड. चोवीस उठले होते, चार उठले नव्हते. तिघांना तिथेच पुन्हा टोचलं. माठातली लस थंड होती, दोनदा हात लावून पाहिलं.

चौथा बालय्या होता. त्याने बाही वर केली आणि दंड पुढे धरला. दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून त्याने सुई आपल्या दंडावर टेकवली.

सतरा तारखेला पुन्हा जायचं आहे.